लाल जाकिटाची घडी

न्यू ब्रायटन, पोर्ट एलिझाबेथ
४ मार्च

अविवे टोनी यांस,

तुमच्या पॉडकास्टच्या एकेचाळिसाव्या भागामुळे मला हे पत्र लिहावं लागतं आहे. एरवी मी अनोळखी माणसांना लिहीत नाही. त्या भागात तुम्ही सांगितलंत की ‘शनिवारची बस’ या जुन्या सिनेमातलं लाल जाकीट एका मोडीत निघालेल्या ट्रंकेतून तुमच्या हाती लागलं, आणि जोहान्सबर्गच्या जाहीर कार्यक्रमात सोडत काढून ते तुम्ही एका श्रोत्याला देणार आहात. ते जाकीट माझ्या आईचं आहे. ते परत पाठवा.

तो सिनेमा मी पाहिलेला नाही. आमच्या घरात त्याचं नावही काढलेलं आईला चालत नसे. तुमचा भाग मला चर्चमधल्या एका बाईंनी फोनवर ऐकवला. तुम्ही दोघं एकेका गाण्याची इतकी चिरफाड करता की न पाहताच तो प्रसंग मला पाठ झाला. गुत्त्यात गाणं रंगलेलं असतं. गुरुवारच्या प्रार्थनेच्या बायका लाल जाकिटं घालून, गुत्ता बंद पाडायला प्रार्थनागीत म्हणत आत शिरतात. दोन्ही गाणी एकमेकांत मिसळतात, आणि डावीकडची तिसरी बाई जाकीट उतरवून नाचू लागते. तिला तुम्ही ‘लाल मावशी’ म्हणता. तिच्या कमरेवर तुमचा जोडीदार पाच मिनिटं बोलला आणि तुम्ही खिदळत होता. ती जी कोणी नटी असेल तिचं तिला लखलाभ. तिच्या अंगावरचं जाकीट मात्र नाटकाचं नव्हतं, आमच्या चर्चच्या प्रार्थना-मंडळीत बाईला मानाने मिळतं ते होतं.

खूण सांगते. डाव्या बाजूला, आतून, शिवणीजवळ निळ्या दोऱ्याचा क्रूस आहे. तो वाकडा आहे, कारण लाँड्रीत काम करताना आईची डावी करंगळी रोलरखाली गेली आणि तेव्हापासून ती वाकत नाही. ताठ उभी राहते. सुई धरली की आडवी येते.

ते जाकीट आमच्या अंगणातल्या दोरीवरून चोरीला गेलं. समोर राहणारी नोखाया सिजिला धुण्याचे कपडे न्यायला आमच्याकडे यायची. तिनेच ते नेलं आणि सिनेमावाल्यांना विकलं. ही गोष्ट आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे.

त्यानंतर आईला दुसरं जाकीट देऊ केलं होतं. ती म्हणाली, एकदा मिळालेलं मी सांभाळलं नाही, दुसरं मागायचा मला हक्क नाही. तेव्हापासून ती मागच्या बाकावर बसली, ज्यांना अजून जाकीट मिळालेलं नाही अशा पोरींच्या रांगेत. आता ती अंथरुणावर आहे. जाकीट मिळालेल्या बाईला आमच्यात जाकिटातच पुरतात. आई मला रोज एकच विचारते: ‘मला काय घालणार आहेस?’

मला उत्तर द्यायचं आहे. पाकीट नीट बांधून पाठवा.

नोझुको म्बेबे
(निवृत्त मुख्याध्यापिका)


जोहान्सबर्ग
९ मार्च

आदरणीय मिस म्बेबे,

तुमचं पत्र वाचून मी खुर्चीत सरळ बसले. मुख्याध्यापिकांचं पत्र मला शेवटचं सातवीत आलं होतं, आणि तेव्हाही चूक माझीच होती.

क्रूस आहे. वाकडा आहे. आम्ही जाकीट शंभर वेळा हाताळलं, बटणं मोजली, बाह्या मापल्या, पण अस्तराच्या त्या कोपऱ्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. तो मी लगेच ल्वाझीला दाखवला. (ल्वाझी माझा जोडीदार म्हणजे फक्त कार्यक्रमातला. हे पत्र कधी माझ्या आईच्या हाती पडलं तर म्हणून लिहून ठेवते.)

सोडत रद्द केली आहे. जाकीट तुमचं आहे. ते पार्सलने पाठवायची मला भीती वाटते, म्हणून मी स्वतः घेऊन येईन.

कमरेबद्दल माफ करा. आम्ही प्रेमाने हसतो, पण प्रेमानेही हसू नये असं काही असतं, हे मला कळायला हवं होतं. तीन वर्षं आम्ही या एकाच सिनेमावर बोलतो आहोत. माझ्या आजीकडे त्याची कॅसेट होती. इतकी घासलेली की नायिका दुसऱ्या गाण्यात हिरवी दिसायची. भिंतीवरचं घड्याळ एकाच कडव्यात दोन वेळा दाखवतं, सॅक्सोफोनवाल्याच्या एका बुटाला नाडी नाही, गुत्त्यातली कोंबडी बायका आत येताच नाहीशी होते आणि मग कोणाच्याच ताटात दिसत नाही. हे सगळं आम्हाला माहीत. ‘लाल मावशी’ कोण, एवढंच माहीत नाही. नामावलीत तिचं नाव नाही. पण लोक सिनेमा बघतात तो तिच्यासाठी. ती जाकीट उतरवते ना, त्या क्षणाला माझ्यासारख्या किती मुलींना वाटलं असेल की आपल्यालाही जे नको ते असं उतरवून ठेवता येईल. मी त्याला बंड म्हणते. आमच्याकडे त्याचे सदरेसुद्धा छापलेत.

तुमचं पत्र आम्हाला इतकं भिडलं की काल बेचाळिसाव्या भागात मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. कालपासून लोकांचे निरोप थांबत नाहीयेत. सगळे तुमच्या आईसाठी प्रार्थना करताहेत.

एक विचारू का? तुमच्या आई गायच्या का? आणि तो प्रसंग तुम्ही एकदा बघाल का? घाई नाही.

तुमची,
अविवे


न्यू ब्रायटन
१७ मार्च

अविवे टोनी,

पत्र ज्याला लिहिलेलं असतं त्याने ते वाचायचं असतं. हे तुम्हाला कोणी शिकवलं नाही?

नोखाया सिजिला आठ वर्षांपूर्वी वारली. तिची मुलगी थोझामा समोरच राहते. आज चर्चहून आले तर ती आमच्या फाटकाशी उभी. आत ये म्हटलं, आली नाही. तिने फोन पुढे धरला. त्यातून तुमच्या आवाजात माझं वाक्य आलं: ‘तिनेच ते नेलं आणि सिनेमावाल्यांना विकलं.’ मागे तुम्ही पियानो वाजवत ठेवला होता.

थोझामा ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, ‘मिस, चौथीत तुम्ही आम्हाला प्रत्येक उत्तराच्या बाजूला ‘कशावरून?’ असं लिहायला लावायचात. मग हे कशावरून?’

मी म्हटलं, माझ्या आईने सांगितलं.

‘काय सांगितलं? तिचे शब्द सांगा.’

मी शब्द आठवू लागले. मी त्या वेळी ॲलिस गावी कॉलेजात होते. सुट्टीत घरी आले तेव्हा सगळं बोलून, ठरून संपलं होतं. मला शब्द सापडले नाहीत. थोझामाने वाट पाहिली, वर्गात एखाद्या मुलाला आपण जितका वेळ देतो तितका, आणि रस्ता ओलांडून घरी गेली. तिच्या दारात दोन शेजारणी उभ्या होत्या. त्यांच्याही हातात फोन होते.

नोखायाबद्दल ही गल्ली कुजबुजत होती ती गल्लीपुरती. तुम्ही ते देशभर केलंत. तो भाग आजच्या आज काढून टाका. मी लिहिलं ते मागे घेत नाही, खरं ते खरं. पण मेलेल्या बाईचं नाव पियानोच्या साथीने वाचायला मी ते लिहिलं नव्हतं.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं: आई गायची. चर्चमध्ये तिच्यासारखा वरचा आवाज दुसरा नव्हता. पुढे तिने गाणं सोडलं. ओठ हलवायची, आवाज काढायची नाही. सिनेमा मी बघणार नाही.

नोझुको म्बेबे


जोहान्सबर्ग
२० मार्च

मिस म्बेबे,

भाग काढला आहे. तुमचं पत्र आलं त्याच तासाला. ज्यांनी तो आधीच उतरवून घेतला त्यांच्या फोनमधून तो मला काढता येत नाही. ही गोष्ट मी तुम्हाला सांगितली नसती तर तुम्हाला कळणार नव्हती, म्हणून सांगते आहे.

माझ्या आजीलाही तिच्या जाकिटातच पुरलं. मी तेव्हा अकरा वर्षांची होते, तिच्या कॉलरवरून हात फिरवला होता. तरीही मी तसंच एक जाकीट सोडतीत लावलं, कारण ते सिनेमातलं होतं. त्याहून वाईट म्हणजे त्यावर आलेल्या पत्रात मला सगळ्यात आधी एक चांगला भाग दिसला. मी कोणाचं नाव वाचते आहे याचा विचारच केला नाही. मला थोझामाताईंची माफी मागायची आहे, पण मी फोन उचलते आणि खाली ठेवते.

आता जे लिहिते आहे ते मला नऊ मार्चलाच लिहायला हवं होतं. तेव्हा मी ते लपवलं आणि त्याऐवजी तुम्हाला विचारलं की आई गायच्या का.

तुमच्या पहिल्या पत्रातली करंगळीची ओळ मी वाचली, आणि त्या संध्याकाळी तो प्रसंग एकेक चित्र थांबवत पुन्हा पाहिला. तीन वर्षं आम्ही त्या बाईची कमर पाहिली, पाय पाहिले. हात पाहिले नव्हते. तिच्या डाव्या हाताची करंगळी वाकत नाही. बटणं काढतानाही नाही, टाळ्या वाजवतानाही नाही.

ल्वाझी म्हणाला, हा आपला आजवरचा सर्वांत मोठा भाग होईल. मी म्हटलं, नाही होणार. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग एक व्हेटकूक, गरम तळलेला पाव, घेऊन आला आणि म्हणाला, बरोबर आहे तुझं, खा.

अजून एक आहे, त्याचा अर्थ आम्हाला कधी लागला नाही. ती जाकीट उतरवते, पण भिरकावत नाही. कॉलरवरची पिन काढून दातांत धरते. कॉलर आत दुमडते, बाह्या आत घालते, सगळं जाकीट उलटं करते आणि खुर्चीवर ठेवते. गाणं चालू आहे, मागे सगळे नाचताहेत, आणि ती एकटी घडी घालते आहे. यावर आम्ही तीन भाग केले. ल्वाझी म्हणतो, सेन्सॉरमुळे लाल रंग लपवला. एक श्रोता म्हणतो, दिग्दर्शकाला अस्तराची गरिबी दाखवायची होती. माझं म्हणणं तुम्हाला माहीत आहे.

ती चाळीस सेकंदांची फीत सोबत जोडली आहे. तुम्ही ती उघडलीच पाहिजे असं नाही.

अविवे


न्यू ब्रायटन
१२ एप्रिल

अविवे,

मी तुला आता तू म्हणणार आहे. आणि तू मला मिस म्हणू नकोस. कोणाला शिकवावं असं सध्या माझ्याकडे काही नाही. कुळाच्या नावाने हाक मार, मा-राडेबे.

तुझी फीत तीन आठवडे मी उघडली नाही. काल गुरुवारची प्रार्थना आटोपून घरी आले, दार लावलं, जाकीट अंगावर असतानाच टेबलाशी बसले आणि ती लावली. मग थांबवली, उठून माझं जाकीट काढून ठेवलं, आणि पुन्हा लावली.

पहिल्यांदा मला फक्त लाज वाटली. माझी आई, गुत्त्यात, पेटीकोटाच्या पट्ट्या दिसताहेत, अनोळखी पुरुष टाळ्या पिटताहेत. ज्या आईने मला गुडघ्याखाली स्कर्ट नसेल तर अंगणात जाऊ दिलं नाही. मी फोन पालथा घातला. नंतर पुन्हा उचलला, कारण मी तिची घडी पाहिली होती आणि ती मला ओळखीची होती.

ते बंड नाही, पोरी. आणि सेन्सॉरही नाही. ती घडी आम्हाला जाकीट मिळतं त्या दिवशी शिकवतात. मला ती आईनेच शिकवली. जिथे जाकीट घालून जाऊ नये तिथे जावंच लागलं, तर मंडळीची पिन काढायची, कॉलर आत, बाह्या आत, लाल बाजू आत, अस्तर बाहेर. म्हणजे तिथलं काही जाकिटाच्या नजरेस पडत नाही. बाकीच्या नट्या होत्या, त्यांच्या अंगावर कपडे होते. त्या खोलीत खरं जाकीट तिचं एकटीचं होतं. तिला नाच म्हटलं, आणि जाकीट घालून ती नाचू शकत नव्हती.

मी फोन घेऊन तिच्याकडे गेले. आवाज बारीक केला आणि पडदा तिच्या डोळ्यांसमोर धरला. तिने शेवटपर्यंत पाहिलं. रडली नाही. मी विचारलं, ही तू आहेस ना. त्यावर ती म्हणाली, ‘घडी नीट बसली होती, नाही?’

मग तिने सांगितलं. सांगायला दुपार गेली; ती दमायची, डोळे मिटायची, मी पेजेचा चमचा तोंडाशी धरायची, की पुन्हा सुरू. सिनेमावाले चर्चच्या हॉलवर खऱ्या आवाजाच्या बाया शोधत आले होते. तिने कोणाला विचारलं नाही. पैशासाठी गेली नाही. तो आवाज एकदा मोठ्या खोलीत कसा लागतो ते तिला ऐकायचं होतं. घडी घालून ठेवलेलं जाकीट तसंच खुर्चीवर राहू दे, उद्या त्याच जागी लागेल, असं त्यांनी सांगितलं. ती पिन तेवढी घेऊन घरी आली. दुसऱ्या दिवशी वस्तीत बसगाड्या जळल्या, सिनेमावाले सामान लॉरीत कोंबून निघून गेले, त्यात जाकीटही गेलं.

मंडळीच्या प्रमुख बाईंना तिने सांगितलं, दोरीवर होतं, आता नाही.

मी विचारलं, ‘आणि नोखाया?’

‘मी तिला चोर म्हटलं नव्हतं,’ आई म्हणाली. ‘बाईंनी विचारलं, अंगणात कोण आलं होतं. नोखाया आली होती, धुणं न्यायला. मी तेवढंच म्हटलं.’

‘आणि मग?’

‘मग गप्प बसले.’

थोझामाने मागितलेले शब्द हे असे होते. त्यांत एकही खोटा नाही.

त्यानंतर नोखायाला गल्लीत कोणी धुणं दिलं नाही. ती मासळीच्या कारखान्यात लागली, हाताला बर्फाच्या भेगा घेऊन घरी यायची. जाकीट मिळावं म्हणून तीन वेळा तिचं नाव पुढे आलं, तीनदा मागे गेलं. तिसऱ्यांदा नाव मागे पडलं त्या बैठकीला मी होते. आई मागच्या बाकावर होती. तिने मान वर केली नाही. मला वाटलं, चोरी झालेल्या बाईचं दुःख आहे.

मला आईची लाज वाटते आणि ती लाज मी तिला भरवत असताना वाटते. तिला ते दिसतं. आज सकाळी म्हणाली, ‘चमचा जरा हळू.’

जाकीट घेऊन ये, पण आमच्या घरी आणू नकोस. आईचं म्हणणं आहे, आधी थोझामाकडे जाऊ दे. ती देईल तर मला घाला. नाही दिलं तर साध्या कपड्यात घाला, मी तक्रार करणार नाही. मी म्हटलं, तक्रार करायला तू असणार नाहीस. ती हसली. बऱ्याच दिवसांनी.

आणि खालचं तुझ्या पॉडकास्टवर वाच. मोठ्याने, नावांसकट, मागे काहीही न वाजवता:

‘चार मार्चच्या पत्रात मी नोखाया सिजिला हिला चोर म्हटलं. ते खोटं होतं. तिने काहीही नेलं नाही. जाकीट माझ्या आईने स्वतः नेलं, स्वतः काढून ठेवलं आणि खरं सांगितलं नाही. ज्यांना तुम्ही लाल मावशी म्हणता त्या माझ्या आई, मादलोमो म्बेबे. मी विचारलं नाही आणि लिहिलं. नोझुको म्बेबे.’

आईला वाचून दाखवलं. तिचं नाव घालू का विचारलं. म्हणाली, नोखायाचं नाव घातलंस ना, मग माझंही घाल.

मा-राडेबे


जोहान्सबर्ग
१५ एप्रिल

मा-राडेबे,

वाचलं. पियानो नाही, हसणं नाही. ल्वाझी शेवटी नेहमीचा विनोद करायचं विसरला. म्हणजे विसरला नाही, केला नाही.

पुष्कळांनी नोखायांसाठी लिहिलं. काही रागावले आहेत. एकीने लिहिलं, आमची मावशी बंडखोर होती, तुम्ही तिला पुन्हा चर्चमध्ये नेऊन बसवलंत, मला ती आधीचीच हवी होती. तिला मी उत्तर दिलं नाही. मलाही हवी होती.

पण तो प्रसंग मी परवा पुन्हा पाहिला. ती जाकीट ठेवते, एकदा त्यावर हात फिरवते, आणि मग नाचते. काय नाचते. आता मला वाटतं, तिला दोन्ही हवं होतं आणि तिने दोन्हीसाठी जागा केली, खुर्चीएवढी. हे मी कार्यक्रमात बोलणार नाही. फक्त तुम्हाला लिहिते.

सत्तावीसला पोचते. एकटी येते, माइक आणत नाही. थोझामाताईंपुढे काय बोलायचं ते सांगाल का?

अविवे


न्यू ब्रायटन
६ मे

अविवे,

तू काय बोलावंस ते मी कळवलं नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं. तू बोललीस ते पुरेसं होतं. ‘मी तुमच्या आईचं नाव वाचलं, माझी चूक झाली, हे आणलं आहे.’ थोझामाने जाकीट घेतलं, तुला चहा विचारला नाही आणि दार लावलं. परतीच्या वाटेवर तू माझ्याकडे रडलीस. तुला वाटलं काहीच झालं नाही. तू गेल्यानंतर जे झालं ते लिहिते.

सोमवारी सकाळी थोझामा आमच्या अंगणात आली. परवानगी मागितली नाही. तिच्या हातात धुतलेलं जाकीट होतं, पाणी निथळत होतं. तिने ते आमच्या दोरीवर घातलं, दोन चिमटे लावले, आमच्याच ओट्यावरची खुर्ची ओढली आणि शेजारी बसून राहिली. दिवसभर. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण थांबायचा. कोणी विचारलं तर ती म्हणायची, ‘काही नाही, दोरीवरचं जाकीट आहे. दोरीवरच आहे.’ मंडळीच्या दोघी-तिघी आल्या, फाटकाशी उभ्या राहिल्या, आत येण्याचं धाडस त्यांना झालं नाही. दुपारी मी तिला मका-घेवड्याचं ताट नेलं. तिने ते जमिनीवर ठेवलं. खाल्लं की नाही मी पाहिलं नाही.

आईने पलंग खिडकीशी सरकवायला लावला. दोघींमध्ये काच आणि जाकीट. एकदा आईने हात वर केला, तो ताठ करंगळीचा. थोझामाने पाहिलं. मान हलवली नाही, पण नजरही वळवली नाही. वाळल्यावर तिने जाकीट काढलं आणि घेऊन गेली.

आई मंगळवारी सकाळी गेली. आदल्या संध्याकाळी तिने उशीखालून पिन काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, ही नोखायाच्या मुलीची. आणि मग ती गायली. प्रार्थनागीत होतं की गुत्त्यातलं, मला सांगता येणार नाही. दोन ओळींत दोन्ही होतं.

शनिवारी पुरायचं होतं. शुक्रवारभर मंडळीच्या बायका मला विचारत होत्या, काय घालायचं. मी म्हटलं, साधं. त्यांनी पांढरा सदरा घातला. शनिवारी झाकण लावायच्या आधी थोझामा आली. बायका आपोआप बाजूला झाल्या. त्यांच्यातल्या कोणीतरी तिला ‘ये गं’ म्हटलं, अर्ध्या शतकात पहिल्यांदा.

जाकीट तिच्या हातात होतं. कॉलर आत, बाह्या आत, लाल बाजू आत. ही घडी तिला कोणी शिकवली ते मी विचारलं नाही. तिची आई आमचे कपडे धुवायची, परत आणून द्यायची. त्या घरातल्या हातांना आमच्या सगळ्या घड्या माहीत असणार.

मी हात पुढे केले. तिने जाकीट माझ्या हातात दिलं नाही.

‘अंगावर नाही, मिस,’ ती म्हणाली. ‘माझ्या आईला साध्या कपड्यात पुरलं.’

मी मान हलवली.

‘शेजारी ठेवते,’ ती म्हणाली, आणि वाकून आईच्या डाव्या हाताशी ठेवलं. एकदा त्यावरून हात फिरवला. मग रस्ता ओलांडून घरी गेली. जेवणाला थांबली नाही. ती मला अजून मिसच म्हणते आणि तिने तसंच म्हणत राहावं.

तुझे श्रोते शेवट विचारतील. त्यांना सिनेमातलं दाखव, खुर्ची दाखव, कोंबडीही शोध हवी तर. आमच्याकडचं सांगायचं असेल तर फक्त खालचं वाच, आणि यात एकही शब्द वाढवू नकोस.

लाल जाकीट, एक. डावीकडे आत निळा क्रूस. अविवे टोनीने थोझामा सिजिला हिच्या हाती दिलं, सत्तावीस एप्रिल. थोझामा सिजिलाने मादलोमो म्बेबे हिच्या शेजारी ठेवलं, चार मे. लाल बाजू आत.

पिन, एक. थोझामा सिजिलाला देऊ केली, पाच मे. घेतली नाही. माझ्याकडे आहे.

नोझुको म्बेबे